शेजारच्या बाकावरचा पॉझिटिव्ह निघाला, मग अख्खा वर्ग घरी का? रोज टेस्ट करून शाळा चालू ठेवण्याचा प्रयोग सोप्या भाषेत

हातावर मारलेला तो 'होम क्वारंटाईन'चा शिक्का आठवतोय ना? २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली, आणि 'क्वारंटाईन' हा शब्द वाडी-वस्तीवरच्या आजीलासुद्धा पाठ झाला. माणूस आजारी असो-नसो, पॉझिटिव्ह माणसाच्या जवळ बसला होता एवढ्या कारणावरून त्याला घरात बसावं लागायचं.

मोठ्या माणसांचं काम बुडालं, ते कसंबसं भरून निघालं. पोरांची शाळा मात्र बुडाली ती बुडालीच. ग्रामीण भागातली पहिली ते चौथीची पोरं २०२० च्या मार्चपासून थेट १ डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात बसलीच नाहीत. वीस महिने! ज्या पोराने पहिलीत मुळाक्षरं गिरवायची, ते वर्गात आलं तेव्हा त्याचं नाव दुसरीच्या पटावर होतं.

आज कोरोनाची भीती राहिली नाही, हे खरं. पण साथ कधी सांगून येत नाही. उद्या दुसरी एखादी आली, तर पुन्हा सरसकट शाळा बंद, सरसकट सगळे घरात, असंच करायचं का? की मधला काही रस्ता आहे?

असा एक मधला रस्ता इंग्लंडने शोधला होता. संपर्कात आलेल्या मुलाला दहा दिवस घरी बसवण्याऐवजी रोज सकाळी शाळेतच त्याची टेस्ट करायची. निगेटिव्ह आला तर वर्गात, पॉझिटिव्ह आला तर घरी. ऐकायला सोपं वाटतं. पण यावर तिकडे मोठा वाद झाला, योजना एकदा थांबवावी लागली, आणि शेवटी दोनशे शाळांत रीतसर प्रयोग करून खरं-खोटं तपासावं लागलं. त्यातून काय निघालं आणि आपण त्यातून काय घ्यायचं, ते एकेक करून पाहू.

आधी दुखणं काय होतं ते पाहू

इंग्लंडमध्ये नियम असा होता की, पॉझिटिव्ह माणसाच्या जवळून संपर्कात आलेल्या प्रत्येकाने घरात वेगळं राहायचं. आधी हे १४ दिवस होते, १४ डिसेंबर २०२० पासून १० दिवस केले. शाळांमध्ये मुलांचे गट पाडले होते, त्याला तिकडे 'बबल' म्हणायचे. लहान मुलांच्या शाळेत एक वर्ग म्हणजे एक बबल. मोठ्या शाळांमध्ये तर कधी कधी पूर्ण इयत्ता म्हणजे एक बबल. त्यातलं एक पोर पॉझिटिव्ह निघालं की सगळा बबल घरी.

याचा परिणाम काय झाला? जुलै २०२१ च्या मध्यावर तिकडच्या सरकारी आकड्यांप्रमाणे एकाच दिवशी १० लाखांहून जास्त मुलं कोरोनाच्या कारणाने शाळेबाहेर होती. म्हणजे साधारण दर सात मुलांमागे एक. आणि यातली खरोखर पॉझिटिव्ह किती? पन्नास हजारांच्या आत. बाकीची बहुतेक सगळी ठणठणीत, फक्त 'संपर्कात आली' म्हणून घरात.

म्हणजे वीस पोरं घरात बसलीत, त्यातल्या एकाला आजार आहे आणि बाकीचे एकोणीस जण सावधगिरी म्हणून अडकलेत, असा तो प्रकार होता. काही मुलांवर तर ही पाळी दोनदा-तीनदा आली. एक क्वारंटाईन संपवून शाळेत गेले, चार दिवसांत दुसरं पोर पॉझिटिव्ह, पुन्हा घरी.

आणि पोर घरी म्हणजे आई-बापापैकी एकजण घरी. तिकडेही रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडत नव्हतं. आजारपणाचा जो सरकारी भत्ता मिळायचा तो २०२१ मध्ये आठवड्याला ९६ पौंडांच्या आसपास होता, त्यात घर चालत नाही. म्हणून कमी उत्पन्नवाल्यांना घरात बसण्यासाठी एकरकमी ५०० पौंड द्यायची वेगळी योजना सरकारला आणावी लागली. म्हणजे घरात बसायला सांगणं सोपं असतं, त्याचं पोट कोण भरणार हा प्रश्न तिकडेही होताच.

टेस्ट कोणती होती?

आपल्याकडे दोन प्रकारच्या टेस्ट झाल्या, त्या आठवा. एक आरटीपीसीआर, ती लॅबमध्ये जायची आणि रिपोर्ट यायला एक-दोन दिवस, कधी चार दिवस लागायचे. दुसरी रॅपिड अँटिजेन, ती जागेवर व्हायची आणि १५ मिनिटांत, अर्ध्या तासात पट्टीवर रेघ दिसायची. इंग्लंडने शाळांसाठी ही दुसरी, पट्टीवाली टेस्ट वापरली.

या पट्टीत एक गुण आहे आणि एक खोट आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

गुण असा की, ती झटपट आहे, स्वस्त आहे, आणि पॉझिटिव्ह सांगितलं तर बहुतेक वेळा ते खरं असतं. इंग्लंडच्या सरकारी प्रयोगशाळेने आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने मिळून जी तपासणी केली, त्यात निरोगी माणसाला निरोगी सांगण्यात ही पट्टी ९९.६८ टक्के बरोबर निघाली. म्हणजे हजार निरोगी मुलांची टेस्ट केली तर तीन-चार जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवेल.

खोट अशी की, निगेटिव्ह सांगितलं तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. शरीरात विषाणू भरपूर झाला असेल तर पट्टी तो पकडते, थोडा असेल तर सुटतो. टेस्ट कोण करतं यावरही फरक पडतो. त्याच तपासणीत एकंदर ७७ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पकडले गेले, पण थोडीशी माहिती घेतलेल्या सामान्य माणसांनी टेस्ट केली तेव्हा हा आकडा ५८ टक्क्यांपर्यंत खाली आला. लिव्हरपूल शहरात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लक्षणं नसलेल्या लोकांची मोठ्या प्रमाणावर टेस्ट झाली, तिथे तर पीसीआरच्या तुलनेत फक्त ४० टक्के रुग्ण सापडले. मात्र ज्यांच्या अंगात विषाणू जास्त होता, त्यातले दोन तृतीयांश सापडले.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस टक्केच सापडत असतील तर असली टेस्ट काय कामाची? इथेच 'रोज' या शब्दाचं महत्त्व आहे.

एकदा नाही, रोज का?

डेअरीवर दूध घालणाऱ्याला हे लगेच कळेल. काल फॅट चांगली लागली म्हणून आज डेअरीवाला मशीन न लावता दूध घेत नाही. सकाळची फॅट वेगळी, संध्याकाळची वेगळी. प्रत्येक वेळी नव्याने मोजायचं.

विषाणूचंही तसंच आहे. संसर्ग झाल्यावर पहिले एक-दोन दिवस अंगात विषाणू फार नसतो, पट्टीवर काही दिसत नाही. मग तो झपाट्याने वाढतो आणि माणूस दुसऱ्याला आजार देण्याच्या अवस्थेत येतो. त्याच वेळी पट्टीलाही तो दिसू लागतो. म्हणून सोमवारी निगेटिव्ह आलेलं पोर बुधवारी पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि त्यात पट्टीची चूक नसते. आजची निगेटिव्ह फक्त आजच्या दिवसापुरती. रोज टेस्ट केली तर आज सुटलेला उद्या सापडण्याची शक्यता वाढते.

एक सोपा हिशोब मांडू. समजा, हजार मुलं संपर्कात आली आणि त्यातल्या वीस जणांना खरोखर लागण झाली.

पहिला रस्ता: हजारच्या हजार दहा दिवस घरी. सुट्ट्या वजा करून शाळेचे सात दिवस धरले तरी लागण न झालेल्या ९८० मुलांचे मिळून सहा हजारांहून जास्त शाळेचे दिवस वाया.

दुसरा रस्ता: हजार जणांची रोज टेस्ट. वीसपैकी काही पहिल्या दिवशी सापडतील, काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जे सापडले ते घरी. तीन-चार जण चुकून पॉझिटिव्ह आले तर त्यांची आरटीपीसीआर करून खरं काय ते पाहायचं. बाकी सगळे वर्गात. पण एखाद-दुसरं पोर पट्टीतून निसटून दिवसभर वर्गात बसून राहील, हा धोका उरतोच.

भांडण होतं ते याच शेवटच्या वाक्यावर. निसटलेल्या एखाद-दुसऱ्यामुळे आजार किती पसरेल? फार पसरणार असेल तर दुसरा रस्ता चुकीचा. फारसा पसरणार नसेल तर पहिला रस्ता म्हणजे पोरांचं विनाकारण नुकसान.

घाईत सुरू केलं, मग थांबवलं

जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारने ठरवलं की माध्यमिक शाळांमध्ये ही रोजची टेस्ट सुरू करायची. पण तेव्हा नवा, जास्त वेगाने पसरणारा प्रकार आला होता. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेचंही म्हणणं होतं की, क्वारंटाईनच्या बदल्यात या पट्टीचा वापर करायला आम्ही मंजुरी दिलेली नाही; निगेटिव्ह आलं की लोक निर्धास्त होतील. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन डीक्स यांच्यासारखे आकडेशास्त्राचे जाणकारही या पट्टीवरच्या भरवशाबद्दल सतत प्रश्न विचारत होते. शेवटी २० जानेवारी २०२१ ला आरोग्य यंत्रणेच्या सल्ल्याने ही योजना थांबवली गेली.

८ मार्चला शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा मोठ्या मुलांना आठवड्यातून दोनदा घरी टेस्ट करायला सांगितलं. पण संपर्कातल्या मुलांनी दहा दिवस घरी बसायचं, हा नियम कायम राहिला.

मग ठरलं की, वाद घालण्यापेक्षा करून पाहू.

दोनशे शाळांचा प्रयोग

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या बर्नाडेट यंग, डेव्हिड आयर, टिम पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग चालवला. १९ एप्रिल ते २७ जून २०२१ या काळात इंग्लंडमधल्या २०१ माध्यमिक शाळा आणि कॉलेजं यात घेतली. मिळून दोन लाखांहून जास्त विद्यार्थी आणि वीस हजारांवर शिक्षक-कर्मचारी.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे शाळांचे दोन गट केले. कोणती शाळा कुठल्या गटात जाणार हे कुणाच्या मर्जीवर ठेवलं नाही. नाहीतर चांगल्या शाळा एकीकडे आणि अडचणीतल्या शाळा दुसरीकडे जातात आणि निकालाला अर्थ उरत नाही.

पहिल्या गटात जुनाच नियम: संपर्कातली मुलं आणि शिक्षक दहा दिवस घरी.

दुसऱ्या गटात नवा नियम: संपर्कात आलेल्याने सात दिवस, शाळेच्या दिवशी रोज सकाळी शाळेत येऊन टेस्ट करायची. शिकवलेल्या माणसाच्या नजरेखाली स्वतःच नाकात काडी फिरवायची. निगेटिव्ह आला तर वर्गात बसायचं. पण यात काही अटी होत्या, त्या नीट वाचा:

- टेस्ट ऐच्छिक होती. ज्याला नको त्याने दहा दिवस घरी बसायचं.
- ताप-खोकला अशी लक्षणं असतील तर टेस्ट निगेटिव्ह असली तरी शाळेत यायचं नाही.
- घरातलंच कुणी पॉझिटिव्ह असेल तर ही सवलत नाही. कारण घरात चोवीस तास एकत्र राहणं आणि वर्गात काही तास बसणं यात धोक्याचा मोठा फरक आहे.
- सवलत फक्त शाळेपुरती. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी घरातच राहायचं. मैदान, बाजार, लग्नकार्य बंद.

निकाल काय लागला?

हा अभ्यास सप्टेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मुख्य गोष्टी अशा:

एक, आजार जास्त पसरला का? घरी बसवणाऱ्या शाळांमध्ये आठवड्याला दर लाखामागे ५९ जण लक्षणांसह पॉझिटिव्ह निघाले. रोज टेस्ट करणाऱ्या शाळांमध्ये ६२ जण. बाकीचे फरक हिशोबात धरल्यावर दोन्ही जवळपास सारखेच. अभ्यासकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की, नव्या पद्धतीत आजार किती वाढला तर तिला नापास करायचं. त्या रेघेच्या आतच निकाल राहिला. सोप्या भाषेत, रोजची टेस्ट घरी बसवण्यापेक्षा फार वाईट नाही, एवढं सिद्ध झालं.

दोन, संपर्कातल्या किती जणांना खरोखर लागण झाली? दोन्ही गटांत दोन टक्क्यांपेक्षा कमी. शंभर पोरं घरी बसवली तर त्यातल्या अठ्ठ्याण्णव जणांना काहीच झालेलं नव्हतं. ज्या कारणासाठी अख्खा बबल घरी पाठवत होते, ते कारण मुळात एवढं मोठं नव्हतं.

तीन, शाळा किती वाचली? कोरोनामुळे बुडालेले दिवस घरी बसवणाऱ्या शाळांत १.६२ टक्के, रोज टेस्ट करणाऱ्या शाळांत १.३४ टक्के. फरक दिसतो, पण तो एवढा ठाम नाही की छातीठोकपणे सांगावं. याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

चार, भाग किती जणांनी घेतला? इथे खरी गोम आहे. ज्यांना टेस्टची सवलत होती, त्यातल्या ४२ टक्क्यांनीच ती घेतली. निम्म्याहून जास्त लोकांनी टेस्ट केलीच नाही. काही शाळांत चांगला प्रतिसाद, काही शाळांत अगदी थोडा. फुकट टेस्ट, शाळेतच सोय, तरी ही गत. म्हणजे किट वाटले की योजना यशस्वी झाली असं होत नाही. आई-बापाला पटलं पाहिजे, पोराला भीती वाटता कामा नये, आणि पॉझिटिव्ह आलो तर वर्गात नाव खराब होईल ही धास्ती जायला हवी.

शाळेतून कारखान्यात

जुलै २०२१ मध्ये तिकडे आणखी एक गोंधळ झाला. मोबाईलमधल्या सरकारी ॲपने एका आठवड्यात सहा लाखांहून जास्त लोकांना 'तुम्ही संपर्कात आलात, घरी बसा' असा मेसेज पाठवला. दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी दिसू लागली, कारण माल भरणारे, गाडी चालवणारे घरात. मग सरकारने आधी अन्नपुरवठ्याच्या कामगारांसाठी, त्यानंतर पोलीस, अग्निशमन, वाहतूक, कचरा उचलणारे अशा लोकांसाठी कामाच्या ठिकाणी रोजची टेस्ट सुरू केली.

१६ ऑगस्ट २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना संपर्कापोटी घरी बसण्याचा नियमच इंग्लंडने काढून टाकला. डिसेंबरमध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा लस घेतलेल्या संपर्कातल्या लोकांना सात दिवस रोज टेस्ट करा असं सांगितलं. म्हणजे जानेवारीत थांबवलेली कल्पना वर्ष संपताना साऱ्या देशाचा नियम झाली.

अमेरिकेतही असंच झालं. तिथे याला 'टेस्ट करा आणि थांबा' अशा अर्थाचं नाव होतं. इलिनॉय राज्यातल्या लेक काउंटीत ९० शाळांमध्ये २०२१ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करून पाहिलं. एक हजारावर संपर्कातले विद्यार्थी-शिक्षक होते, त्यातले १६ जण पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे दीड टक्का. तिथे मुलं मास्क लावून बसत होती, हेही लक्षात ठेवा. १७ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संस्थेने ही पद्धत मान्य केली.

आपल्याकडे काय झालं होतं?

आपल्याकडे कामाच्या ठिकाणची टेस्ट शाळेत आली ती शिक्षकांच्या वाट्याला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले, तेव्हा शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची केली. तालुक्याच्या केंद्रांवर मास्तर-बाईंच्या रांगा लागल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत बरेच शिक्षक पॉझिटिव्ह निघाले, आणि अनेक ठिकाणी वर्ग उघडायचे पुढे ढकलले.

त्या टेस्टचा उपयोग झालाच, पण ती एकदाच होती. मंगळवारी स्वॅब दिला, शुक्रवारी रिपोर्ट निगेटिव्ह आला, आणि मधल्या तीन दिवसांत गुरुजी एसटीने दोनदा तालुक्याला जाऊन आले, तर त्या रिपोर्टवर सोमवारची खात्री कशी द्यायची? डेअरीचंच उदाहरण पुन्हा: कालच्या फॅटवर आजचं दूध.

घरी करायची टेस्ट आपल्याकडे आली ती मे २०२१ मध्ये. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोव्हिसेल्फ' किटला आयसीएमआरने मंजुरी दिली. किंमत अडीचशे रुपये. आता चार जणांच्या घरात रोज एकेक म्हटलं तर रोजचे हजार रुपये. मजुरी किती आणि किट किती, हिशोब तुम्हीच करा. म्हणून रोजची टेस्ट म्हटलं की ती सरकारने फुकट द्यायला हवी, नाहीतर ती बागायतदाराच्या पोरासाठी होईल आणि ऊसतोड मजुराचं पोर घरीच बसेल.

आयसीएमआरचा एक नियम मात्र तेव्हाही साधा आणि पक्का होता, तो आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरा आणि वेगळे राहा. लक्षणं आहेत आणि रॅपिड निगेटिव्ह आली, तर तिच्यावर थांबू नका, आरटीपीसीआर करा.

इंग्लंडचं जसंच्या तसं आपल्याकडे चालेल का?

नाही चालणार. कारणं सरळ आहेत. तो प्रयोग अकरा वर्षांवरच्या मुलांवर झाला, आपली झेडपीची शाळा त्याहून लहान पोरांची. तिकडे टेस्ट करायला शाळेत माणसं नेमली होती, आपल्याकडे दोन शिक्षकी शाळेत तेच शिकवणार, तेच खिचडीचा हिशोब ठेवणार, तेच नाकात काडी फिरवायला बसणार का? तिकडे त्या काळात मोठ्या माणसांना लस मिळत होती. आणि तो कोरोना होता. पुढचा आजार लहान मुलांना जास्त त्रास देणारा असेल तर हिशोब पूर्ण बदलेल.

पण पद्धत घेण्यासारखी आहे. आधी भीतीपोटी नियम केला, मग त्याचं नुकसान मोजलं, मग दुसरा रस्ता चिठ्ठ्या टाकून तपासला, आणि आकडे हाती आल्यावर नियम बदलला. घरी बसवणं हाही एक उपाय आहे आणि त्याचीही किंमत असते, हे त्यातून दिसलं. ती किंमत पोरं भरतात, म्हणून ती मोजली पाहिजे.

पुन्हा वेळ आलीच, तर शाळा समितीने काय विचारायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यासारखेच पालक असतात. उद्या 'शाळा बंद' किंवा 'सगळ्यांची टेस्ट' असा कागद आला, तर हे प्रश्न विचारायला मोठं शिक्षण लागत नाही:

१. घरी कोणाला बसवताय? पॉझिटिव्ह मुलाला, त्याच्या बाकावरच्यांना, वर्गाला की पूर्ण शाळेला? कारण काय?

२. टेस्ट कोणती? रॅपिड असेल तर एकदाच की रोज? एकदाच असेल तर त्याचा उपयोग किती?

३. किटचे पैसे कोण देणार? टेस्ट करणार कोण: आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई की शिक्षक? त्यांच्या रोजच्या कामाचं काय?

४. पॉझिटिव्ह आलेल्या मुलाची पक्की तपासणी किती तासांत होणार?

५. टेस्ट नको म्हणणाऱ्या पालकावर जबरदस्ती होणार नाही ना? आणि त्याच्या मुलाच्या अभ्यासाची सोय काय?

६. पॉझिटिव्ह मुलाचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, याची जबाबदारी कोणाची?

७. मजुरी बुडवून पोराजवळ घरी बसणाऱ्या आईला काही मदत आहे का?

यातला सहावा प्रश्न हलका समजू नका. त्या काळात पॉझिटिव्ह घराकडे गावाने कसं पाहिलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नाव फुटायची भीती असली की माणूस टेस्टच करत नाही, आणि टेस्ट केली नाही की आजार लपून पसरतो.

आणि टेस्टसोबत साध्या गोष्टी आहेतच. खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या, पावसाळा नसेल तर झाडाखाली वर्ग भरवा. ताप-खोकला असलेल्या पोराला 'हजेरी बुडेल' म्हणून शाळेत पाठवू नका. पट्टी आजार थांबवत नाही, तो आलाय एवढंच सांगते. कपाशीत कामगंध सापळा लावतो तसंच आहे. सापळ्यात पतंग दिसले म्हणून बोंडअळी मरत नाही; पुढे काय करायचं ते शेतकऱ्यालाच ठरवावं लागतं.

पहिलीला घरात बसलेली ती पोरं आता वरच्या वर्गात आहेत. त्यांच्यातलं एखादं अजून वाचताना अडखळत असेल तर ते मंद आहे असं म्हणू नका. त्याचे वीस महिने आपण मोठ्या माणसांनी घेतले होते. पुढच्या वेळी घ्यायची वेळ आलीच, तर मोजून घ्या.